फोलेट ताटापर्यंत पोहोचावे कसे: गोळी, पालेभाजी आणि कडधान्य यांचा योग्य क्रम

नागपूरच्या लग्नाच्या पंगतीत वाढली जाणारी डाळभाजी हा फोलेटचा उत्तम स्रोत आहे. तरीही तीच डाळभाजी घरी करताना पालक आधी वेगळा उकडून त्याचे हिरवे पाणी मोरीत ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. दुसरीकडे, बाळाची चाहूल लागल्यावर, म्हणजे जेव्हा सर्वांत महत्त्वाचे दिवस बहुधा निघून गेलेले असतात तेव्हा, फोलिक ॲसिडची गोळी सुरू होते. तिसरीकडे, थकवा आला की औषधाच्या दुकानातून मोठ्या मात्रेची गोळी आणून बी-१२ जीवनसत्त्व न तपासताच महिनोन्‌महिने घेतली जाते. या तिन्ही ठिकाणी वस्तू चुकीची नसते, तिची वेळ किंवा क्रम चुकलेला असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच वाचावेत.

फोलेट म्हणजे बी-९ जीवनसत्त्व. नवी पेशी तयार होताना, विशेषतः रक्तपेशी आणि गर्भाच्या पेशी वेगाने वाढताना, त्याची गरज असते. ते पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि उजेडाने घटते आणि शरीरातील त्याचा साठा काही महिनेच पुरतो. स्वयंपाकाच्या सर्व सूचना या गुणधर्मांवर बेतलेल्या आहेत. अन्नात निसर्गतः असते ते फोलेट. गोळीत किंवा पोषणमूल्ये वाढवलेल्या धान्यात घातलेले ते फोलिक ॲसिड. फोलिक ॲसिड अधिक टिकाऊ असते आणि शरीरात अधिक सहज शोषले जाते.

टप्पा १: आपण कोणत्या गटात आहोत ते ठरवा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दररोज ३०० मायक्रोग्रॅम, प्रौढ स्त्रीला २२० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला ५७० मायक्रोग्रॅम आणि स्तनदा मातेला ३३० मायक्रोग्रॅम फोलेट मिळायला हवे. पहिल्या दोन गटांची गरज रोजच्या जेवणातून भागू शकते. गर्भवतीची गरज केवळ जेवणातून भागवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे “आम्ही भरपूर भाज्या खातो, गोळी कशाला?” हा प्रश्न त्या काळात गैरलागू ठरतो.

या चार गटांबाहेर आणखी एक गट आहे आणि विदर्भात तो लहान नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या पेशी सतत तयार कराव्या लागतात आणि त्यासाठी फोलेट जास्त खर्च होते. म्हणून डॉक्टर त्यांना बहुधा रोज फोलिक ॲसिड देतात. ही गोळी बरे वाटू लागले म्हणून बंद करायची नसते. येथे रुग्ण आणि वाहक यांतील फरक मात्र ध्यानात घ्यावा. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी अशा फुटत नाहीत, त्यामुळे तेवढ्या कारणासाठी तिला वेगळी गोळी लागत नाही.

अपस्माराची काही औषधे, संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलाझिन घेणारे, नियमित मद्यपान करणारे आणि आतड्याच्या शोषणाचे विकार असणारे यांचेही फोलेट कमी पडू शकते.

*सावधान:* अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्याने स्वतःहून मोठ्या मात्रेत फोलिक ॲसिड घेतल्यास रक्तातील औषधाची पातळी घटून झटके पुन्हा येऊ शकतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनीही फोलिक ॲसिडचा दिवस आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.

टप्पा २: एकक नीट वाचा आणि बी-१२ विसरू नका

सर्वाधिक गोंधळ मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत होतो. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी फोलिक ॲसिडची गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅमची. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या बहुतेक स्त्रियांसाठी शिफारस आहे ती रोज ४०० मायक्रोग्रॅमची. “फोलिकची गोळी द्या” एवढेच सांगून आणलेली गोळी या शिफारशीच्या बारापटींहून मोठी असते. वैद्यकीय कारण नसताना प्रौढांनी गोळ्यांतून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फोलिक ॲसिड घेऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. पालेभाजी आणि कडधान्यांतून येणाऱ्या फोलेटला ही मर्यादा लागू नाही.

मोठ्या मात्रेची भीती नेमकी कशाची, हे समजून घेतले पाहिजे. फोलेट कमी पडले किंवा बी-१२ कमी पडले, तरी रक्तक्षय जवळपास सारखाच दिसतो: थकवा, धाप, लालबुंद दुखरी जीभ आणि रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा वाढलेला आकार. बी-१२ ची कमतरता असलेल्या माणसाने फोलिक ॲसिडच्या मोठ्या गोळ्या घेतल्या की रक्ताचा अहवाल सुधारतो, हिमोग्लोबिन वाढते आणि घरचे निश्चिंत होतात. मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा अशी लक्षणे दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो आणि सगळे नुकसान भरून येतेच असे नाही. बी-१२ वनस्पतिजन्य पदार्थांत जवळजवळ नसते. त्यामुळे शाकाहारी घरांत, त्यातही दूध-दही कमी घेणाऱ्यांत आणि वृद्धांमध्ये, ही शक्यता आधी पडताळावी.

तपासणीचा क्रम असा असावा. प्रथम संपूर्ण रक्तगणना करून तांबड्या पेशींचा सरासरी आकार पाहावा, नंतर बी-१२ आणि फोलेट यांची पातळी पाहावी, आणि हे सर्व गोळ्या सुरू करण्यापूर्वी करावे. रक्तद्रवातील फोलेट अलीकडच्या खाण्याने व गोळ्यांनी लगेच वर जाते, म्हणून चार दिवस गोळी घेऊन मग केलेली तपासणी फारसे काही सांगत नाही. तांबड्या पेशींतील फोलेट मागील सुमारे तीन महिन्यांची स्थिती दाखवते, पण ही तपासणी सर्वत्र होत नाही.

*तपासा:* तांबड्या पेशींचा आकार सामान्य आहे म्हणून फोलेट पुरेसे आहे, असे मानू नका. सोबत लोहाची कमतरता असल्यास पेशी लहान होऊ पाहतात, फोलेटच्या कमतरतेने मोठ्या होऊ पाहतात आणि सरासरी मध्येच अडकते.

टप्पा ३: गर्भधारणेचा विचार असेल तर गोळी आधी

गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांच्या आत बंद होते. ती नीट बंद न झाल्यास स्पायना बायफिडासारखे गंभीर जन्मजात दोष राहतात. आता दिवस मोजून पाहा. पाळी चुकते तेव्हा गर्भधारणेला सुमारे दोन आठवडे झालेले असतात. त्यानंतर वाट पाहणे, घरी चाचणी करणे, डॉक्टरांची वेळ घेणे यांत आणखी दोन आठवडे सहज जातात. पहिल्या भेटीत लिहून मिळालेली गोळी आणखी अनेक कारणांसाठी उपयोगी असते, पण ज्या नलिकेसाठी ती सर्वाधिक हवी होती तिचे काम तोवर आटोपलेले असते.

म्हणून गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी किमान एक महिना, शक्य असल्यास तीन महिने आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करावे आणि पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावे. एवढ्या लहान मात्रेसाठी बी-१२ च्या अहवालाची वाट पाहत थांबू नये. टप्पा २ मधील इशारा मोठ्या मात्रेविषयी आहे. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष आढळला असल्यास, किंवा स्त्रीला मधुमेह अथवा अपस्मार असल्यास, मात्रा डॉक्टर ठरवतात. अशा वेळी ५ मिलिग्रॅमची गोळी योग्य असू शकते, परंतु ती नणंदेला दिली होती म्हणून भावजयीने घ्यावी, असे होऊ नये.

चौथ्या महिन्यापासून सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. ती गरोदरपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस रोज एक घ्यायची असते. बाळंतपण झाले की उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात, ही नेहमीची चूक आहे. गरोदर नसलेल्या, प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी हीच गोळी आठवड्यातून एकदा असते. “रोज” आणि “आठवड्यातून एकदा” यांची गल्लत होऊ नये म्हणून पाकिटावर पेनाने लिहून ठेवणे उत्तम.

*सावधान:* ही गोळी चहाबरोबर घेऊ नये. त्याचे कारण फोलेट नाही, लोह आहे; चहाने लोहाचे शोषण घटते. जेवणानंतर तासाभराने पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळे होणे हा लोहाचा परिणाम आहे, त्याने घाबरून गोळी थांबवू नये.

टप्पा ४: भाजी कधी आणावी, कशी ठेवावी

पालकाच्या पानांतील फोलेट खुडल्याबरोबर कमी होऊ लागते. फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या पालकात ते जवळपास निम्मे उरते आणि बाहेरच्या उष्णतेत हाच टप्पा आणखी लवकर येतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, दुपारी गाडीवरून घेतलेली मलूल जुडी पैशाने स्वस्त असली तरी पोषणाने महाग पडते. शक्य तेव्हा सकाळी भाजी घ्यावी, रविवारी आठवड्याची एकदम आणण्यापेक्षा दोन-तीन दिवसांची आणावी आणि मुळे न कापता सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी.

ऐन उन्हाळ्यात पालेभाज्यांचा आग्रह धरण्यापेक्षा कडधान्यांवर भर देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेला हरभरा महिनाभर डब्यात राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. हिवाळ्यात मात्र पालक, मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी भरपूर घ्यावी. हरभऱ्याची भाजी उन्हात वाळवून वर्षभर खाण्याची आपल्याकडची पद्धत चवीच्या दृष्टीने अप्रतिम आहे, पण ऊन आणि उजेड दोन्ही फोलेटचे शत्रू असल्याने फोलेटसाठी त्या भाजीवर विसंबू नये.

संत्र्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण नागपूरकरांना त्याविषयी वाईट ऐकवत नाही. संत्र्यात फोलेट असते आणि ते कच्चे खाल्ले जात असल्याने शिजवण्यातील नुकसानही टळते, परंतु वजनास वजन धरल्यास पालकात त्याच्या कित्येक पट फोलेट आहे. संत्रे जेवणाला जोड म्हणून खावे, पालेभाजीच्या बदली म्हणून नव्हे.

टप्पा ५: निवडणे, धुणे, चिरणे, शिजवणे

येथे क्रम बदलला की नुकसान होते, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रथम भाजी निवडावी. नंतर अखंड पाने भरपूर पाण्यात दोन-तीनदा बुडवून धुवावीत, माती खाली बसू द्यावी आणि पाने वरून उचलून घ्यावीत. त्यानंतरच, शिजवण्याच्या अगदी आधी, चिरावी. आमच्या घरी वर्षानुवर्षे उलट चालत असे: भाजी बारीक चिरून मग चाळणीत नळाखाली धरली जाई. चिरलेल्या कडांतून विद्राव्य जीवनसत्त्वे वाहून जातात, हे कळल्यावर ती सवय मोडायला बराच वेळ लागला. रात्रीच भाजी चिरून ठेवणे डबा करणाऱ्यांसाठी सोयीचे असते, हे मान्य आहे. तेव्हा निवडून, धुऊन, कोरडी करून ठेवावी आणि चिरणे तेवढे सकाळवर ठेवावे.

शिजवताना मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. पालक भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकले तर सुमारे निम्मे फोलेट त्या पाण्याबरोबर जाते. तोच पालक थोडा वेळ वाफवला तर तोटा फारच थोडा होतो. डाळभाजी आपल्या मूळ रीतीने केली, म्हणजे तूरडाळ, चणाडाळ आणि शेंगदाणे कुकरमध्ये शिजवून शेवटी त्यातच चिरलेला पालक घालून पाच-सात मिनिटे झाकण ठेवून शिजवला, तर पालकातून सुटलेले फोलेट डाळीच्या पाण्यात राहते आणि पोटात जाते. वरून घातलेला कच्चा सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्यांची कोथिंबीर, गॅस बंद केल्यावर घालावा.

एकदा केलेली भाजी वारंवार उकळू नये. रात्रीची डाळभाजी सकाळी गरम करायची असेल तर लागेल तेवढीच वेगळी काढून गरम करावी.

*सावधान:* मूतखडा असलेल्यांना डॉक्टर पालक टाळण्यास किंवा उकडून पाणी टाकण्यास सांगतात, ते खडे बनण्यास हातभार लावणाऱ्या ऑक्झलेट या घटकामुळे. त्यांनी तो सल्ला मोडू नये. त्यांनी फोलेट कडधान्यांतून मिळवावे.

टप्पा ६: कडधान्ये भिजवणे आणि मोड आणणे

अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २३३ मायक्रोग्रॅम फोलेट असते, चणाडाळीत सुमारे १८२, अख्ख्या मुगात सुमारे १४५ आणि तूरडाळीत सुमारे १०८. पालकात सुमारे १४२ मायक्रोग्रॅम असते. हे आकडे कच्च्या पदार्थाचे आहेत आणि कडधान्यांचे वजन कोरडे धरलेले आहे, हे विसरू नये. शिजलेल्या वाटीला हेच आकडे लावणे ही आहाराचा हिशेब करताना हमखास होणारी चूक आहे.

हरभरा आठ तास, मूग सहा ते आठ तास भिजवावे. भिजवण्यापूर्वी धुऊन घ्यावे आणि दाणे फुगून बुडालेले राहतील इतपतच पाणी ठेवावे. गॅसेसचा त्रास असणाऱ्यांनी भिजवलेले पाणी फेकले तर थोडे फोलेट जाईल, पण त्या त्रासापायी उसळच सोडून देण्यापेक्षा ते बरे. शिजवलेले पाणी मात्र मुळीच फेकू नये. पुरणासाठी शिजवलेल्या चणाडाळीचा कट आमटीत वापरण्याची घरोघरची रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे.

मोड आणताना दाण्यातील फोलेट वाढते. भिजवलेले मूग सुती फडक्यात सैल बांधून झाकून ठेवावेत. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसात मोड दिसतात, हिवाळ्यात एक दिवसही लागतो. बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास आल्यास ते टाकून द्यावेत. गर्भवती स्त्रियांनी कच्चे मोड खाऊ नयेत, कारण त्यांत जंतू वाढलेले असू शकतात. नीट शिजवून खावेत.

*तपासा:* कुकर उघडल्यावर उसळीवर हिरवट-पिवळे पाणी जास्त राहत असेल, तर पुढच्या वेळी पाणी कमी घाला. ते ओतून देऊ नका, रश्श्यात वापरा.

टप्पा ७: दिवसाच्या ताटाचा हिशेब

एका प्रौढ स्त्रीच्या दिवसाचे गणित मांडू. सकाळी तर्री-पोह्यांत (तर्री म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा) ५० ग्रॅम कोरड्या हरभऱ्याइतकी तर्री असेल तर सुमारे ११७ मायक्रोग्रॅम. दुपारच्या डाळभाजीत ३० ग्रॅम तूरडाळ, १० ग्रॅम चणाडाळ, १० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम पालक मिळून सुमारे १३०. ९० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून सुमारे २६ आणि ५० ग्रॅम तांदळातून जेमतेम ५. एकूण २७८ झाले. शिजवण्यात हिशेबापुरते एक तृतीयांश गेले असे धरल्यास १८५ उरतात. त्यात २५ ग्रॅम कोरड्या मुगाला आणलेल्या मोडांची हलकी वाफवलेली कोशिंबीर सुमारे ३६ ची भर घालते आणि आकडा २२१ वर येतो.

म्हणजे २२० ची पातळी गाठता येते, पण जेमतेम, आणि त्या ताटातून हरभरा व पालक काढून घेतले तर अजिबात नाही. नुसत्या पोहे-पोळी-भात-बटाट्याच्या दिवसात हा आकडा किती घसरत असेल याची कल्पना वरील पोळी व भाताच्या आकड्यांवरून येते. पोह्यांवरची तर्री केवळ लाल रस्सा म्हणून न घेता हरभऱ्यासह मागून घ्यावी, हा माझा आवडता आणि स्वस्त सल्ला आहे.

मांसाहारी घरांत कलेजी हा फोलेटचा आणि बी-१२ चाही समृद्ध स्रोत आहे. गर्भवतीने मात्र ती टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते.

टप्पा ८: रेशनचा तांदूळ निवडून फेकू नका

रेशनच्या दुकानातून मिळणाऱ्या पोषणमूल्यवर्धित तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे मिसळलेले असतात. त्यांना “प्लास्टिकचा तांदूळ” समजून ताटलीत निवडून फेकणारी माणसे भंडारा-गोंदियाकडे आणि शहरातही भेटतात. हे दाणे तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तयार केलेले असतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घातलेले असतात. मानकानुसार अशा एक किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते, म्हणजे एका वेळच्या भातातून मिळणारा वाटा लहान असतो. तो वाटा भाजीची जागा घेत नाही, पण फेकण्याचेही कारण नाही. तांदूळ हलक्या हाताने एक-दोनदाच धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा. पेज काढून ओतल्यास मिळाले तेही जाते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णांनी त्यातील लोहाबाबत आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

टप्पा ९: तीन महिन्यांनी फेरतपासणी

कमतरता निदान होऊन उपचार सुरू झाला असेल तर थकवा काही आठवड्यांत कमी झाल्यासारखा वाटतो. तेथेच गोळी सोडू नये. डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण करून, साधारण तीन महिन्यांनी रक्तगणना पुन्हा करावी. हिमोग्लोबिन वाढले पण मुंग्या तशाच असतील, तर फोलिक ॲसिड वाढवू नये, बी-१२ चा अहवाल हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे. काहीच सुधारणा नसेल, तर गोळी खरोखर रोज घेतली गेली का, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहिली होती की मिलिग्रॅममध्ये, आणि सोबत लोहाची कमतरता राहून गेली का, हे याच क्रमाने तपासावे. जुने अहवाल टाकून देऊ नयेत. एकाच प्रयोगशाळेतील दोन अहवाल शेजारी ठेवून पाहिले तरच आकड्यांतील बदल विश्वासाने वाचता येतो.